थंडीत आकाश पाहताना हात गरम कसे ठेवायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडचं आकाश वर्षातलं सर्वांत देखणं असतं. पावसाळी ढग केव्हाच गेलेले असतात. मृग, रोहिणी, कृत्तिका, व्याध, ब्रह्महृदय, पुनर्वसू ही सगळी मंडळी एकाच वेळी वर आलेली असतात आणि दक्षिणेला अगस्त्यही दिसतो. नेमक्या अशाच रात्री बरेच जण बारा-साडेबाराला सामान आवरायला घेतात, कारण बोटं चालेनाशी होतात. फोकसचं चाक फिरत नाही, स्क्रू हातातून निसटतो, आणि एकदा वैताग आला की आकाशातही मन लागत नाही. थोडी तयारी केली तर हे सहज टाळता येतं. नव्याने आकाश पाहायला लागलेले लोक या बाबतीत जे विचारतात, त्याची उत्तरं इथे आहेत.

महाराष्ट्रात हातमोजे लागावेत इतकी थंडी असते का?

असते. निफाडचा पारा पाच अंशांच्या खाली गेल्याच्या बातम्या बहुतेक हिवाळ्यांत येतात. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दव गोठतं. जुन्नर, नाणेघाट, भंडारदरा, पेंच या भागांत पहाटे आठ-दहा अंश ही नेहमीची गोष्ट आहे.

शिवाय बातमीतला आकडा आणि तुम्हाला जाणवणारी थंडी यांत फरक असतो. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, आडोशाच्या पेटीत ठेवलेला असतो. निरभ्र रात्री जमीन, गवत, गाडीचं टप, दुर्बिणीची नळी या सगळ्यांतली उष्णता सरळ आकाशाकडे निघून जाते आणि त्या वस्तू हवेपेक्षाही गार होतात. म्हणूनच पारा शून्याच्या वर असतानाही गवतावरचं दव गोठू शकतं. ढग असते तर त्यांनी यातली बरीच उष्णता परत खाली पाठवली असती. पण ढगाळ रात्री आपण घरीच असतो. आपण बाहेर पडतो तीच रात्र जास्त गार असते, हे धरूनच निघायचं.

त्यात वारा असेल तर आणखी भर पडते. हवा १० अंशांवर असेल आणि ताशी २० किलोमीटरचा वारा वाहत असेल, तर उघड्या कातडीला साधारण ७ अंशांसारखं वाटतं. शून्य अंशाला तोच वारा उणे ५ ची जाणीव देतो.

बाकी अंग ठीक असतं, मग हातच का गार पडतात?

याचं उत्तर नीट समजलं की पुढची निम्मी उत्तरं तुमची तुम्हालाच सुचतील.

शरीराला हृदय, फुप्फुसं, मेंदू आणि पोटातले अवयव ३७ अंशांच्या आसपास ठेवायचे असतात. धडातली उष्णता कमी पडतेय असं वाटलं की शरीर बोटांच्या रक्तवाहिन्या आवळतं. बोटांकडे गरम रक्त कमी जातं आणि ती उष्णता आत वाचते. हातापायांच्या बोटांत यासाठी खास जोडवाहिन्या असतात. त्या उघडल्या की बोटांतून भरपूर रक्त वाहतं आणि मिटल्या की प्रवाह एकदम घटतो. म्हणजे तुमचे हात गार पडले याचा अर्थ पुष्कळदा तुमचं धड, डोकं किंवा पाय गार पडलेत असा असतो. त्याचा पत्ता हातांवर आधी लागतो, इतकंच.

दुसरं कारण म्हणजे बोटांत स्नायू जवळपास नसतातच. बोटं हलवणारे मुख्य स्नायू कोपर आणि मनगट यांच्या मधल्या भागात आहेत. त्यामुळे बोटं स्वतः फारशी उष्णता निर्माण करत नाहीत, आणि बारीक असल्यामुळे असलेली उष्णता लवकर गमावतात. मनगटाच्या वरचा हा भाग गारठला तर बोटं गरम असूनही मंद चालतात. बोटांच्या कातडीचं तापमान १५ अंशांच्या खाली गेलं की बारीक काम अवघड होऊ लागतं, आणि आणखी खाली गेलं की स्पर्शही कळेनासा होतो.

तिसरं कारण आपल्या छंदाचंच आहे. ट्रेकला जाणारा माणूस त्याच थंडीत घामाघूम होतो कारण तो चालत असतो. आपण तासन्‌तास एका जागी उभे किंवा बसलेले असतो. म्हणून ट्रेकच्या अंदाजाने कपडे घेतले तर ते हमखास कमी पडतात.

मग सुरुवात हातमोज्यांपासून करायची नाही का?

नाही. सुरुवात टोपी आणि अंगातल्या कपड्यांपासून करायची. अंगाला लागून पातळ थर्मल किंवा लोकरी बनियन, त्यावर स्वेटर किंवा फ्लीस, सगळ्यांत वर वारा अडवणारं जाकीट. सुती बनियन टाळा. दुर्बीण गाडीतून उतरवून चढावर नेताना घाम येतो, सुती कापड तो धरून ठेवतं आणि नंतर दोन तास पाठ गार राहते. कानटोपी आणि मफलर हवेतच.

पायांचंही तेच. गार दगडावर किंवा ओल्या गवतावर उभं राहिलं की तळव्यांतून उष्णता जाते. दुर्बिणीजवळ उभं राहायच्या जागी योगासनाची फोमची चटई किंवा जाड पुठ्ठा टाका. पायाखाली चटई घातल्याने हात गरम राहतात हे अनेकांना पटत नाही, पण एकदा करून बघा.

घरात घोंगडी असेल तर ती जरूर न्या. बसून उल्का मोजायच्या असतील तर तिच्याइतकं सोयीचं पांघरूण नाही. वारा अडतो, थोड्या दवाने ती आतपर्यंत भिजत नाही, आणि हात आत घेऊन बसता येतं.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे हे सगळं गार वाटायच्या आधी चढवायचं. आठ वाजता बरं वाटतंय म्हणून जाकीट गाडीत ठेवलं, तर दहा वाजता ते घातल्यावर बोटं परत यायला बराच वेळ जातो. जाकीट नवी उष्णता देत नाही, आहे ती राखतं.

हातमोजे कोणते घ्यावेत?

एकच जाड जोड घेण्यापेक्षा दोन थर चांगले. आत पातळ, बोटांना बसणारे लोकरी किंवा पॉलिस्टरचे मोजे. त्यावर सैल मिटन, म्हणजे अंगठ्याला वेगळा आणि बाकी चार बोटांना मिळून एकच कप्पा असलेला मोजा. चार बोटं एकमेकांना लागून राहिली की एकमेकांना ऊब देतात. पाच बोटांच्या मोज्यात प्रत्येक बोट एकटं पडतं. काम आलं की मिटन काढायचं, आतल्या पातळ मोज्यातच काम उरकायचं आणि परत मिटनमध्ये हात घालायचा. उघडी कातडी हवेला लागतच नाही.

मिटनना दोरी लावून ती जाकिटाच्या बाहीतून ओवून घ्या, लहान मुलांच्या मोज्यांना लावतात तशी. काढलेलं मिटन खाली दवात पडत नाही आणि अंधारात शोधावं लागत नाही.

वरचा कप्पा मागे दुमडता येणारे मोजेही मिळतात. खाली बोटं अर्धी उघडी राहतात आणि काम झालं की तो कप्पा परत बोटांवर ओढून घेता येतो. आपल्या दहा-बारा अंशांच्या थंडीला हे पुरेसे आहेत. त्याहून गार ठिकाणी मला दोन थरांचाच भरवसा वाटतो.

मोजा घट्ट नको. बोटांभोवती थोडी हवा खेळली पाहिजे, कारण ऊब खरं तर ती अडकलेली हवाच देते. घट्ट मोजा हवाही ठेवत नाही आणि रक्तही अडवतो.

दुचाकीचे हातमोजे चालतील?

वारा अडवायला चालतील. पण आत पातळ मोजा घालून ते सैल राहत असतील तरच.

मनगटाचं काय?

मनगटाजवळ रक्तवाहिन्या कातडीच्या अगदी जवळून जातात, आणि नेमका हाच भाग मोजा आणि बाही यांच्या मध्ये उघडा राहतो. जुन्या लोकरी पायमोज्याचा पंजा कापून उरलेली नळी मनगटावर चढवा आणि कोपराच्या दिशेने ओढून घ्या. अंगठ्यासाठी एक चीर दिली की ती जागची हलत नाही. फुकटात होणारा इतका चांगला उपाय दुसरा नाही.

मोजे घालून दुर्बीण कशी हाताळायची? काहीच नीट पकडता येत नाही.

थंडीत करायची कामंच कमी करा. तिपाई उभी करणं, शोधक दुर्बीण (नेम धरायला वर बसवलेली छोटी दुर्बीण) मुख्य दुर्बिणीशी जुळवणं, आरशांची जुळणी तपासणं ही कामं सूर्यास्ताच्या आसपास, हात उबदार आणि उजेड असतानाच उरकून घ्या. तोवर दुर्बीणही बाहेरच्या हवेच्या तापमानाला येते, ते वेगळं लागतंच.

मग धातू झाका. अ‍ॅल्युमिनियम लाकडाच्या हजारपटीहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेतं. म्हणून एकाच तापमानाला असूनही तिपाईचा पाय चटका दिल्यासारखा गार लागतो आणि लाकडी फळी तशी लागत नाही. तिपाईच्या ज्या भागाला हात लागतो तिथे क्रिकेटच्या बॅटची रबरी ग्रिप चढवा किंवा बॅडमिंटन रॅकेटची टेप गुंडाळा. एसीच्या नळीवर घालतात तो काळा फोमही चालतो. फोकसचं चाक लहान असेल तर त्यावर प्लास्टिकच्या बाटलीचं झाकण घट्ट बसवून ते मोठं करता येतं. मग मिटन घालूनही फिरवता येतं. बारीक स्क्रूंच्या जागी मोठ्या मुठीचे स्क्रू मिळतात, हार्डवेअरच्या दुकानात माप दाखवून घ्या.

नेत्रिका, म्हणजे डोळा लावायचं भिंग, बदलायला मात्र बोटं लागतात. पुढे कोणत्या वस्तू पाहायच्या हे आधी ठरवून कमी वर्धनाच्या नेत्रिकेवर तीन-चार वस्तू एका दमात पाहा. कृत्तिका, मृगातला तेजोमेघ, देवयानी दीर्घिका, मग नेत्रिका बदला आणि गुरू किंवा शनी असेल तर तिकडे वळा. वापरात नसलेल्या नेत्रिका जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवल्या तर त्यांवर दव धरत नाही आणि हाताला गारही लागत नाहीत.

एक गोष्ट मुद्दाम पाहण्यासारखी आहे. आरशाची, पुढून उघडी असलेली दुर्बीण एखाद्या तेजस्वी ताऱ्यावर लावा, फोकस बराच बिघडवा म्हणजे ताऱ्याची मोठी चकती दिसेल. मग कोणाला तरी नळीच्या तोंडासमोर खालच्या बाजूने हात धरायला सांगा. त्या चकतीत हाताची काळी आकृती दिसते आणि तिच्यावरून उसळत वर जाणारी गरम हवाही दिसते. हातमोज्यांची सगळी धडपड ज्या उष्णतेसाठी, ती डोळ्यांनी दिसते. यातूनच हेही कळतं की पाहताना हात नळीच्या तोंडापासून लांब ठेवायचा.

बायनॉक्युलरने पाहताना हात लवकर गार पडतात. असं का?

हात हृदयाच्या वर उचललेले असतात, त्यामुळे बोटांपर्यंत रक्त कमी पोचतं. बाह्या कोपराकडे घसरतात आणि मनगटं उघडी पडतात. शिवाय १०×५० ची जोडी सतत तोलून धरायला मूठ आवळावी लागते. आरामखुर्चीवर मागे रेलून, कोपर खुर्चीच्या हातांवर टेकवून पाहा, किंवा तिपाईचा अडॅप्टर घ्या. चित्रही स्थिर होतं.

मोबाइलवरचं नकाशाचं अ‍ॅप मोजे घालून चालत नाही.

टचस्क्रीनला बोटातून विजेचा सूक्ष्म प्रवाह मिळावा लागतो. बोटांच्या टोकाला वाहक धागा विणलेले मोजे मिळतात, आतला पातळ थर तसलाच घ्या. पण मला विचाराल तर कागदी तारकानकाशा आणि लाल विजेरी हेच बरं. अंधाराला सरावलेले डोळे तयार व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि पांढरा स्क्रीन ते क्षणात घालवतो. गारठ्यात मोबाइलची बॅटरीही लवकर उतरते. तो आतल्या खिशात राहू द्या.

दवाने मोजे ओले होतात. मग?

दुसरा जोड ठेवाच. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं, त्यामुळे ओला मोजा न घातल्यापेक्षा वाईट. कोकणात, धरणाच्या काठी, नदीकाठच्या शेतात दव फार असतं. शक्य असेल तर पाण्यापासून लांब आणि थोड्या उंचावर जागा निवडा. गार हवा जड असते, ती रात्री खोलगट भागात साठते.

हँड वॉर्मरच्या पिशव्या घ्याव्यात का?

घ्याव्यात, पण प्रकार समजून.

फोडून वापरायच्या पिशवीत लोखंडाची पूड, मीठ, पाणी आणि कोळशाची पूड असते. हवा लागली की लोखंड गंजायला लागतं आणि त्यातून उष्णता निघते. गरम व्हायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, मग सहा-आठ तास टिकते. म्हणून ती हात बधिर झाल्यावर फोडू नका, कामाला लागायच्या आधी फोडा. खिशात कोंबून ठेवली आणि हवाच मिळाली नाही तर ती विझते, मधूनमधून बाहेर काढून हलवा. याच गुणाचा फायदाही आहे. लवकर घरी निघालात तर हवाबंद झिपच्या पिशवीत हवा काढून ठेवा, गंजणं थांबतं आणि उरलेली दुसऱ्या रात्री वापरता येते. ती तळहातापेक्षा हाताच्या पाठीकडे किंवा मनगटाच्या आतल्या बाजूला, आतल्या मोज्यावर ठेवा. तळहात कामाला मोकळा राहतो.

दुसरा प्रकार चकती दाबून सुरू होणारा. यात सोडियम अ‍ॅसिटेटचं द्रावण असतं. चकती टचकन वाजली की ते डोळ्यांदेखत गोठतं आणि ५० अंशांच्या वर तापतं. ऊब लगेच मिळते पण तासाभरात ओसरते. घरी उकळत्या पाण्यात ठेवलं की पुन्हा वापरता येतं. अंगणात किंवा गच्चीवर थोडा वेळ पाहणाऱ्यांना हाच प्रकार सोयीचा.

तिसरा चार्जिंगचा. चांगला असतो, पण त्याचा दिवा पांढरा किंवा निळा असेल तर त्यावर काळी चिकटपट्टी लावा. विमानात तो पॉवर बँकेसारखा हातातल्या सामानातच न्या.

कोणताही प्रकार थेट कातडीवर तासन्‌तास ठेवू नका. मंद उष्णतेनेही भाजतं आणि गारठलेल्या बोटांना ते कळत नाही.

विकतचं काही न घेता चालेल का?

चालेल. शेकायची रबरी पिशवी गरम पाण्याने भरून, टॉवेलात गुंडाळून जाकिटाच्या आत पोटाशी ठेवा. हातांसाठी पोट गरम ठेवायचं, कारण वर आलंच आहे. किंवा खडं मीठ तव्यावर भाजून जाड सुती कापडात पुरचुंडी बांधा, अंगदुखीवर शेकायला बांधतात तशी. ती खिशात अर्धा-पाऊण तास ऊब देते. कापड दुहेरी ठेवा आणि खिशात घालण्याआधी गालाला लावून चटका बसत नाही ना ते पाहा.

शेकोटी करूया की!

जेवणाच्या वेळी, दुर्बिणीपासून लांब आणि परवानगी असेल तिथे करा. निरीक्षण सुरू झाल्यावर नको. उजेडाने डोळ्यांची सवय मोडते आणि धूर भिंगांवर बसतो. पेंचसारख्या ठिकाणी, ज्याला २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, जंगलात आग पेटवण्याचा प्रश्नच येत नाही. आणि तंबूत किंवा बंद गाडीत कोळशाची शेगडी कधीही ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही.

चहा, कॉफी, दारू, सिगारेट?

आलं घातलेला गुळाचा चहा थर्मासमध्ये जरूर न्या, गरम पेला धरून बोटंही शेकतात. पोटात काहीतरी हवंच. बाजरीची भाकरी, शेंगदाणे, तिळाची वडी असं खाऊन निघालेला माणूस पहाटेपर्यंत तग धरतो. दारूने ऊब आल्यासारखं वाटतं कारण कातडीकडचं रक्त वाढतं, पण त्याच वाटेने धडातली उष्णता बाहेर जाते. सिगारेट बोटांच्या वाहिन्या आणखी आवळते. दोन्ही घरीच राहू द्या.

हात आधीच बधिर झालेत. आता काय करू?

काम थांबवा. सरळ उभे राहा आणि पूर्ण हात खांद्यातून वेगाने गोल फिरवा, वीस-तीस वेळा. रक्त ढकललं जाऊन बोटांच्या टोकांपर्यंत जातं आणि मिनिटाभरात मुंग्या यायला लागतात. मग दहा-बारा उठाबशा काढा, धड गरम होऊ द्या. हात जाकिटाच्या आत काखेत धरा. तोंडाने फुंकर मारू नका, वाफेने बोटं आणि मोजे ओले होतात.

खूप गारठलेल्या बोटांत काही मिनिटांनी आपोआप थोडी ऊब परत आल्यासारखी वाटते. शरीर मधूनमधून वाहिन्या उघडून रक्त सोडतं. ब्रिटिश डॉक्टर थॉमस लुईस यांनी १९३० मध्ये याचं वर्णन केलं. तेवढ्यावरून हात ठीक झाले असं समजू नका, वाहिन्या पुन्हा मिटतात.

माझी बोटं एकदम पांढरीफटक पडतात, मग निळी, मग लाल. हे थंडीमुळेच का?

थंडी निमित्त आहे. हे रेनॉड्स असू शकतं, त्यात वाहिन्या गरजेपेक्षा जास्त आवळल्या जातात. डॉक्टरांना दाखवा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही, विशेषतः बीटा ब्लॉकरने, हात गार पडतात. गोळी स्वतःहून बंद करू नका. मधुमेहामुळे बोटांची जाणीव कमी झाली असेल तर वॉर्मर फार जपून वापरा.

मुलांना आणि आजी-आजोबांना न्यायचं आहे.

जरूर न्या. मुलं मोठ्यांपेक्षा लवकर गार पडतात आणि खेळाच्या नादात सांगत नाहीत, म्हणून दर अर्ध्या तासाने त्यांचे हात स्वतः धरून पाहा. १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन उल्कावर्षावाला त्यांना झोपायच्या पिशवीत किंवा दुलईत आडवंच ठेवा. उल्का पाहायला हात लागत नाहीत. उगमबिंदू, म्हणजे उल्का आकाशात जिथून येताना भासतात ती जागा, रात्री दोनच्या सुमारास डोक्यावर येतो. तेव्हा मुलं झोपलेली असतील तर उठवा, अंधाऱ्या आकाशात तेव्हा उल्का सर्वांत जास्त दिसतात.

आम्ही लडाखला हानलेला जाणार आहोत. हीच तयारी पुरेल?

पुरणार नाही. २०२२ मध्ये डार्क स्काय रिझर्व्ह म्हणून घोषित झालेलं हानले सुमारे ४५०० मीटर उंचीवर आहे. ऑक्टोबरातच रात्रीचा पारा शून्याच्या बराच खाली जातो आणि ऐन हिवाळ्यात उणे वीसच्याही खाली. तिथल्या दोन मीटर व्यासाच्या हिमालयन चंद्र दुर्बिणीवर काम करणारे खगोलशास्त्रज्ञ ती बंगळूरूजवळच्या होसकोटेहून उपग्रहामार्फत चालवतात. आपण मात्र उघड्यावर उभे राहणार.

तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ५७ टक्के असतो, म्हणजे ऑक्सिजनही तितकाच. लोखंडी पुडीच्या वॉर्मरला तो कमी मिळतो, त्यामुळे तो इथल्याइतका तापत नाही. चकतीचा किंवा चार्जिंगचा सोबत ठेवा. पिसांचं किंवा तसंच जाड भरणाचं मिटन आणि त्यावर वारा अडवणारा थर घ्या. हवा इतकी कोरडी असते की बोटांची टोकं फाटतात, झोपताना व्हॅसलीन लावा. उंचीची सवय व्हायला आधी लेहला काही दिवस थांबायचं हे तर आहेच.

उणे तापमानात उघड्या हाताने धातू धरू नका, अगदी क्षणभरही. अमेरिकेत, कॅनडात राहणारी आपली मंडळी परसात दुर्बीण लावतात, त्यांनाही हेच लागू आहे. बोटाचं टोक पांढरट, मेणासारखं आणि कडक झालं आणि जाणीवच गेली, तर ती हिमदंशाची खूण आहे. चोळू नका, आगीजवळ धरू नका. आत जाऊन ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात बोटं बुडवा आणि डॉक्टर गाठा. पुन्हा थंडीत जावं लागणार असेल तर आधी गरम करू नका. एकदा वितळून परत गोठलेलं बोट जास्त बिघडतं.

वापरलेल्या वॉर्मरच्या पिशव्या तिथेच टाकल्या तर चालतील का? लोखंडच आहे ना आत?

नाही. पिशवी प्लास्टिकच्या धाग्यांची असते आणि गुरं मिठाच्या चवीने ती चघळतात. पहाटे निघताना लाल विजेरी बंद करा, साधी लावा, दुर्बिणीभोवती एक फेरी मारून पिशव्या, टेपचे तुकडे आणि पडलेले स्क्रू गोळा करा आणि सगळं घरी आणा.